काचपेटीतील समुद्र : बिद्रीसारख्या गावात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय

घरी मासे पाळण्याचा छंद आता शहरापुरता राहिलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील लहान गावांतही दिवाणखान्यात काचेची टाकी आणि तीत गोल्डफिश, गप्पी यांसारखे मासे दिसतात. हे सारे गोड्या पाण्यातील मासे होत. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. हा मासा मात्र समुद्रातील, आणि तोही प्रवाळांच्या सान्निध्यात राहणारा. त्याला घरी ठेवायचे, तर समुद्रच घरी आणावा लागतो.

कागल तालुक्यातील बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. परिसरात उसाची शेती, दूधगंगेचे पाणी, आणि समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, फोंडा घाट उतरून गेल्यावर. अशा गावात समुद्राचा एक छोटासा तुकडा जिवंत ठेवता येईल काय? आमचे उत्तर असे की, निश्चित येईल. परंतु दोन अटींवर. पहिली अट म्हणजे पाण्याला त्याचा वेळ द्यावा. दुसरी अट म्हणजे या हौसेपायी समुद्रातून काहीही ओरबाडून आणू नये. या दोन अटींचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

छंदाचा इतिहास आणि त्यातील धडा

समुद्री जीव काचपेटीत पाळण्याची आवड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या छंदाची लाटच उसळली. हौशी मंडळी समुद्रकिनारी जाऊन खडकांतील डबक्यांमधून जीव वेचू लागली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मवृत्तात नमूद केले आहे की, वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांनी डेव्हनशायरच्या किनाऱ्यावरील ती जिवंत डबकी अक्षरशः उजाड केली. ज्याचे सौंदर्य लोकांना दाखवावे, त्याचाच त्या दाखवण्याने नाश व्हावा, ही या छंदाच्या जन्मापासूनची शोकांतिका होय.

महाराष्ट्रात १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्रातील रंगीत मासे प्रथम तेथेच पाहिल्याचे अनेक मराठी कुटुंबांतील वडीलधारी मंडळी सांगतात. जिवंत प्रवाळांसह मासे पाळण्याची रीत मात्र त्यानंतरची. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातील जीवजंतूंनी भरलेले सच्छिद्र खडक टाकीत ठेवले असता पाणी आपोआप स्वच्छ राहते, हे दाखवून दिले. १९६१ साली त्यांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीतील हौशी अभ्यासकांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली आणि ‘रीफ टँक’ हा प्रकार जगभर पसरला.

प्रवाळ म्हणजे काय?

मराठीत आपण ज्याला पोवळे किंवा प्रवाळ म्हणतो, तो दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. मोहरीएवढ्या किंवा नखाएवढ्या असंख्य जीवांची ती वसाहत असते. प्रत्येक जीव समुद्रातील कॅल्शियम घेऊन स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अवघ्या एका अंशाने काही आठवडे अधिक तापले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता न ओसरल्यास मरते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी जगभर अशी चौथी विरंजनाची लाट आल्याचे जाहीर केले.

प्रवाळांनी समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापला आहे. तरीही समुद्रातील सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने जगतात. मोठ्या गोळ्यासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे हातात मावेल एवढा तुकडा तोडला, तर कित्येक वर्षांचे काम क्षणात संपते. आपल्या राज्यातही प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळांचा समावेश असलेले मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळसमृद्ध उंचवटा असून त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जगातील प्रवाळांच्या ऱ्हासाचा मुद्दाम उल्लेख केला, तो याच कारणास्तव.

कायदा काय सांगतो?

येथे आपल्या देशातील हौशी माणसाने विशेष सावध राहिले पाहिजे. परदेशातील पुस्तके व चित्रफिती पाहून प्रवाळांनी भरलेली टाकी उभारण्याचा मोह होतो. तथापि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश करण्यात आला. २०२२ साली अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानंतरही चुन्याचा सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखा ही पहिल्याच अनुसूचीत आहेत. समुद्रघोडाही तेथेच आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही प्रवाळे वाघाच्या पंक्तीला बसतात. ती पकडणे, विकणे वा बाळगणे यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

“हा माल परदेशातून आलेला आहे” असे विक्रेता तोंडी सांगतो, त्याला काही अर्थ नाही. कठीण सांगाड्याची प्रवाळे ही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्याही कक्षेत येतात आणि त्यांच्या आयातीस रीतसर परवाने लागतात. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ हा बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. तोही घेऊ नये. मऊ प्रवाळांची जात ओळखणे सामान्य माणसाला अवघड असते. सबब तीही टाळावीत, असे आमचे मत आहे. शंका असल्यास वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

मग टाकीत काय ठेवावे?

प्रवाळ नाही म्हणजे सौंदर्य नाही, असे मुळीच नाही. सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम खडक बाजारात मिळतात. त्यांच्या कपारी रचून उत्तम प्रवाळखडक उभा करता येतो. त्यावर खाऱ्या पाण्यातील हिरव्या शैवालवनस्पती वाढवल्या, तर टाकी डोळ्यांना सुखावते आणि त्या वनस्पती पाण्यातील नायट्रेटही शोषून घेतात.

मासे घेताना ते उबवणकेंद्रात जन्मलेले आहेत ना, हा पहिला प्रश्न विचारावा. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडचा फवारा मारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट प्रथा पडली. त्यात प्रवाळ मरते आणि पकडलेला मासाही पुष्कळदा पुढे दगावतो. याउलट केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे प्रजनन बंदिस्त जागेत यशस्वीपणे घडवून आणले आहे. असा टाकीत जन्मलेला मासा तयार खाद्य सहज खातो, टाकीला सरावलेला असतो आणि त्याला समुद्रफुलाची, म्हणजे ॲनिमोनची, गरज पडत नाही.

क्लाउनफिशची एक गंमत मुलांना अवश्य सांगावी. ही पिल्ले सारी नर म्हणून वाढतात. गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी बनतो आणि त्याच्या खालोखालचा नर तिचा जोडीदार होतो. सबब दोन लहान पिल्ले एकत्र आणली की कालांतराने आपोआप जोडी जमते. हा मासा टाकीत वीस वर्षांहूनही अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. शाळकरी मुलाच्या हट्टाखातर आणलेला मासा ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो, हे वडीलधाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

पाणी : सारे काही येथेच ठरते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के आपले नेहमीचे मीठ होय. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आदी घटक असतात. समुद्री जीवांना हा उरलेला भागही तितकाच आवश्यक आहे. म्हणून स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेले तयार समुद्री मीठच आणावे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. त्यासाठी सुमारे सात किलो मीठ लागते. क्षारता मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे.

मीठ मिसळायचे ते पाणी शुद्ध हवे. उसाच्या पट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात खतांतील नायट्रेट उतरलेले असू शकते, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. दोहोंवर उपाय एकच : आर.ओ. यंत्राचे पाणी. मात्र घरगुती यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळण्याची सोय असते. ती बंद करून घ्यावी. टी.डी.एस. शून्याच्या जितका जवळ, तितके उत्तम. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडते. ते भांडी घासण्यास वा फरशी पुसण्यास वापरावे. आणखी एक महत्त्वाची सूचना : हे पाणी तांब्याच्या हंड्यात वा कळशीत कधीही साठवू नये. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगाय यांसारख्या जीवांना घातक ठरतो. प्लॅस्टिकचे स्वच्छ पिंप त्यासाठी वेगळे ठेवावे.

टाकीतील पाणी रोज थोडे आटते, तेव्हा काय घालावे? येथे बहुतेक नवखे फसतात. गुऱ्हाळात काहिलीतील रस उकळताना वाफ जाते ती पाण्याची. गोडी मागे राहते आणि रस दाट होतो. टाकीचेही तसेच आहे. शंभर लिटर पाण्यातील पाच लिटर आटले, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता शुद्ध गोडे पाणीच घालावे.

टाकीला वेळ द्यावा

टाकी भरली, दिवे लागले, आता मासे आणू या, ही घाई सर्वांत महागात पडते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो आणि या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा कित्येकपट विषारी ठरतो. निसर्गात याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मर्यादेत असेल तर माशांना सोसते.

हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत हळूहळू वस्ती करतात आणि त्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा ठेवू नये. जिवाणूंना अन्न म्हणून अमोनियाचे मोजके थेंब वा चिमूटभर खाद्य घालावे आणि चाचणीसंचाने पाणी तपासत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली. कोणाकडे जुनी निरोगी खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर तिच्या गाळणीतील स्पंजाचा तुकडा आणून घालावा. दुधाला विरजण लावावे, तसाच त्याचा उपयोग होतो.

त्यानंतरही एकाच वेळी सारे मासे आणू नयेत. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल, तर तो तेथेच उघड होतो. तांबेयुक्त औषध द्यावे लागले, तर ते त्या वेगळ्या टाकीतच द्यावे. १९० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे पुरेसे होत.

उपकरणे, उन्हाळा आणि भारनियमन

टाकी, पाणी, खडक व बैठक मिळून वजन पावणेतीनशे ते तीनशे किलोंच्या घरात जाते. म्हणून टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवावी. तळ मोकळा ठेवला तरी चालतो. तो स्वच्छ करणे सोपे जाते. समुद्रातील लाटांची जागा घेण्यासाठी पाणी खेळते ठेवणारा पंप लागतो.

प्रोटीन स्किमर हे खास खाऱ्या पाण्याचे उपकरण. गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. येथे भेंडीचे काम हवेचे बारीक बुडबुडे करतात. त्यांच्या पृष्ठभागाला पाण्यातील सेंद्रिय घाण चिकटते, फेसाबरोबर वर चढते आणि पेल्यात जमा होते. ती कुजून अमोनिया होण्याआधीच टाकीबाहेर जाते, हा या उपकरणाचा मोठा लाभ.

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश राखावे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हे कठीण जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतार पडतो. मात्र पाणी अधिक आटते, हे लक्षात ठेवावे. त्याहून मोठा धोका वीज जाण्याचा. समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्याच्या तुलनेत प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. पंप थांबला की काही तासांत मासे गुदमरू लागतात. सबब बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. इन्व्हर्टर असल्यास पाणी खेळवणारा पंप त्यावर जोडावा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. म्हणून या जोडणीवर विद्युतगळती ओळखून प्रवाह तोडणारे संरक्षक बटण बसवून घ्यावे आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

खर्चाचा अंदाजही मांडून पाहावा. सर्व उपकरणे मिळून सरासरी ६० वॅट घेत असतील, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते. मीठ, चाचणीसंच व खाद्य यांचा खर्च निराळा.

नित्याची देखभाल

रोज तापमान पाहावे, आटलेले पाणी भरावे आणि मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्यास क्षारता व नायट्रेट तपासावे, काचेवरील शेवाळ पुसावे, स्किमरचा पेला धुवावा आणि दहावा हिस्सा पाणी बदलावे. नवे खारे पाणी आदल्या दिवशी तयार करून ढवळत ठेवावे. मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये.

बदललेले पाणी कोठे टाकायचे, हा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. १९ लिटर पाण्यात सुमारे ६६० ग्रॅम क्षार असतात. क्षारपड झालेल्या जमिनीचे दुःख कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून हे पाणी परसात, शेतात, विहिरीजवळ वा ओढ्यात टाकू नये. गच्चीवर पसरट प्लॅस्टिकच्या परातीत ते उन्हात आटवावे आणि उरलेले क्षार कचऱ्यात द्यावेत. पावसाळ्यात पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे आणि ऊन पडल्यावर आटवावे.

निर्णय घेण्यापूर्वी

एवढे वाचून कोणास हा छंद जड वाटला, तर त्यात गैर काही नाही. न झेपणारी जबाबदारी न घेणे हाही विवेकच होय. अशांनी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय पाहावे, किंवा मालवणला जाऊन प्रवाळांना हात न लावता, त्यांवर पाय न देता पाण्यातील ते जग पाहावे. ज्यांना टाकी उभारायचीच आहे, त्यांनी आधी महिनाभर घरातील वीज किती वेळा व किती काळ जाते याची नोंद ठेवावी, गावाला गेल्यावर टाकी कोण पाहील हे ठरवावे आणि मगच काच विकत घ्यावी. पहिले सहा आठवडे टाकीत केवळ पाणी व खडक दिसेल. मुले रोज विचारतील, “मासे कधी येणार?” त्यांच्या हाती चाचणीसंच द्यावा आणि रोजचे आकडे वहीत लिहावयास सांगावे. अमोनियाचा आकडा चढतो, मग उतरतो, मग शून्यावर येतो, हे ज्या मुलाने स्वतः मोजून पाहिले, त्याला पाणी जिवंत असते हे पुन्हा शिकवावे लागणार नाही; टाकीतील नाही आणि दूधगंगेतीलही नाही.